यादीतलं नाव

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन:
न्याकुमा का? गाडीखाली मूस आलीय, मादी,
सीवर्डच्या रस्त्यावर, तळ्याच्या वळणाशी.
तासाभरात उचलता, की पुढच्याला विचारू?

चर्चमधल्या बाईंनी माझं नाव यादीत घातलं होतं
मागच्या उन्हाळ्यात. मला वाटलं लॉटरी असेल.
मी हो म्हटलं. झोपेत माणूस हो म्हणतं.
मग शेजारच्या ओलिंकाचं दार वाजवलं,
कारण ट्रक तिच्याकडे, सुऱ्या तिच्याकडे,
आणि माझ्याकडे फक्त अकरा वर्षांचा मुलगा,
पायजम्यावर बर्फाचे बूट चढवलेला.

पोलिसाच्या दिव्यात ती पडली होती,
निळी, लाल, परत निळी.
वशिंड होतं. गळ्याखाली लोंबतं कातडं होतं.
मी म्हटलं, ही तर गाय.
मग पाय पाहिले, इतके लांब,
घाईत दुसऱ्याच कुणाचे लावल्यासारखे.
आणि नाक. ते कुणाचंच नाही.

आमच्याकडे भुकेपोटी गाय मारत नाहीत.
आपणहून मेली तर खातात, खाली बघून.
माझे वडील जनावराला त्याच्या रंगाने हाक मारायचे,
नुसत्या तांबड्याला सहा शब्द:
राखेत लोळलेला तांबडा,
पाठीवर पांढरा पट्टा ओढलेला तांबडा,
नदी ओसरल्यावर उरतो त्या गाळाचा.
मी टॉर्च धरून हिचा शब्द शोधत उभी
आणि पारा उणे बावीस
आणि ओलिंका म्हणाली, धर, तो पाय वर धर.

पोट उघडलं तशी वाफ आली,
आम्ही एकमेकींना दिसेनाशा झालो.
हातमोजे काढून मी कोपरापर्यंत आत गेले.
दोन वर्षांत या गावात
पहिल्यांदा हात गरम झाले, हे कुणाला सांगू.

आत वासरू होतं. मांजराएवढं, डोळे मिटलेलं.
ओलिंकाने ते एका झाडाच्या बुंध्याशी ठेवलं,
बर्फ सारून. तिच्या भाषेत काही बोलली.
मी माझ्या.
गातलुआक ट्रकमध्येच बसून राहिला.

पहिला तुकडा मी बिघडवला.
मोठ्या आचेवर तळला, घाईघाईने.
चरबीच नाही त्याला, कुठून असणार, फेब्रुवारी.
चपलेचा तळवा झाला, धुराचा अलार्म केकाटला,
वरचा म्हातारा काठीने जमीन ठोकू लागला.
ओलिंका आली, तव्यात डोकावली:
सगळा हिवाळा चाललीय ती. जरा बसू दे तिला.

म्हणून दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या चादरी धुऊन आल्यावर,
मोठं पातेलं, पाणी, मीठ, कांदा,
बरणीच्या तळाशी उरलेली सुक्या भेंडीची पूड
आणि मंद आच, चार तास.
खिडकीची काच घामेजली.
वास परका होता, ओल्या सालीचा, कडसर.
तिसऱ्या तासाला शोधला तर सापडेना.

ज्वारीचं पीठ आंबवून ठेवलं होतं,
त्याची किस्रा पसरली, कागदासारखी पातळ.
गातलुआक म्हणाला, मी वासरू पाहिलं.
मी म्हटलं, माहीत आहे.
तो बराच वेळ कडा कुरतडत बसला,
मग रश्शात बुडवून एक घास, मग दुसरा,
मग हाड.

नाक ओलिंकाने नेलं.
खरं खाणं तेच, म्हणाली, तुम्हाला पुढच्या वेळी.
पुढची वेळ म्हणजे माझं नाव
यादीच्या तळातून परत वर येईल तेव्हा.

सेहेचाळीस पिशव्या. बर्फाच्या ट्रेला जागा उरली नाही.
गातलुआक जाड पेनाने नावं घालतोय:
मागचा पाय. मान. रश्शाचं.
एकीवर त्याने आजोबांचा शब्द लिहिलाय,
राखेत लोळलेल्या तांबड्याचा,
इंग्रजी अक्षरांत, तोही चुकवून.
मी वाचला.
ती पिशवी सगळ्यांत खाली ठेवली.